मदत हवी आहे: मिटाग-लेफ्लर यांचं प्रमेय बारावीच्या मुलांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

बारावीच्या मुलांपुढे एका गणितज्ञावर तासभर बोलायचं आहे. मी स्वीडनचे गोस्टा मिटाग-लेफ्लर (१८४६–१९२७) निवडलेत. यांचं नाव काढलं की लोक एकच सांगतात: नोबेलशी यांचं वैर होतं, म्हणून गणिताला नोबेल नाही. या गोष्टीला पुरावा नाही, पण तिच्यामुळे एवढा मोठा माणूस झाकला गेलाय याचं फार वाईट वाटतं.

चरित्राचा भाग जुळत आलाय. १८७२ साली उप्सालात डॉक्टरेट, मग पॅरिसला गणितज्ञ हर्मीटकडे. हर्मीटनी बर्लिनचे गणितज्ञ वायरस्ट्रास यांचं नाव सुचवलं म्हणून बर्लिन. १८८१ पासून स्टॉकहोमला प्राध्यापक, पुढच्याच वर्षी 'अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका' हे नियतकालिक. युरोपातली बहुतेक विद्यापीठं बायकांना दारातही उभं करत नव्हती, तेव्हा खटपट करून त्यांनी रशियन गणितज्ञ सोफिया कोवालेव्स्कायाला स्टॉकहोमला आणलं. १८८९ मध्ये ती तिथे कायमची प्राध्यापक झाली. हे मी सविस्तर सांगणारच.

स्वीडनचा राजा ऑस्कर दुसरा याच्या षष्ट्यब्दीनिमित्तच्या गणित-स्पर्धेचं जरा अवघड आहे. बक्षीस फ्रेंच गणितज्ञ प्वाँकारेला मिळालं, निबंध छापला आणि मग त्यात गंभीर चूक निघाली. मिटाग-लेफ्लरनी वाटलेल्या प्रती गुपचूप परत गोळा केल्या. बक्षीस २५०० क्रोनर, पुन्हा छपाईचा खर्च ३५०० च्या वर, आणि तो प्वाँकारेनीच भरला! पण दुरुस्त निबंधातच आजच्या केऑस सिद्धांताचं (सुरुवातीच्या बारीकशा फरकाने पुढचं सगळं बदलतं, त्याचा अभ्यास) बीज आहे. माझ्या मते ती लपवालपवीसुद्धा मुलांना सांगावी. तुम्हाला काय वाटतं?

खरी अडचण प्रमेयाची. हवे ते पोल, म्हणजे फंक्शनची किंमत जिथे अनंताकडे जाते ते बिंदू, ठरवा (एकमेकांना चिकटून गर्दी न करणारे), तसं फंक्शन बनवता येतं, एवढं मुलांना कळेल. प्रत्येक पूर्णांक n साठी 1/(z−n) घेऊन नुसती बेरीज केली तर ती धड अभिसारी होत नाही, म्हणजे एका ठराविक उत्तरावर स्थिरावत नाही. शून्य सोडून बाकी प्रत्येक पदात 1/n मिळवलं की होते, आणि उत्तर येतं π cot πz. पण हे 1/n कुठून सुचलं, ते कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस (संमिश्र संख्यांवरच्या फंक्शनांचं गणित) न शिकलेल्या मुलांना कसं सांगू? फळ्यावर पाच-सात ओळींत मावेल असं काही हवंय. कोणी वर्गात शिकवलं असेल तर कृपया लिहा. आलेख काढून दाखवता येईल असं उदाहरण असेल तर फारच बरं.