आडगावातली जुन्या पुस्तकांची दुकानं : तुमचे किस्से सांगा

माळ्यावरची
काल माळा आवरताना मेंढ्यांच्या रोगांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती आलं. लेक म्हणाली, आई, आपल्याकडे मेंढी कधी होती?

तर २००९ साल. आम्ही तेव्हा ब्रिस्टलला. नवरा दिवसभर ऑफिसात, मी दिवसभर खिडकीत पाऊस बघत. शेजारच्या आजींना कीव आली असावी, म्हणाल्या, शनिवारी 'हे'ला जाऊन या. गावाचं नावच हे. हे-ऑन-वाय. वाय नदीकाठी, वेल्स आणि इंग्लंडच्या अगदी शिवेवर. आता आमचे हे काही 'हे'ला यायला तयार होईनात. जुनी पुस्तकं घ्यायला कोणी दोन तास गाडी चालवतं का, पुण्यात काय कमी आहेत, वगैरे. शेवटी पराठे करून नेण्याच्या बोलीवर तयार झाले.

तेव्हा सेव्हर्नच्या पुलावर वेल्समध्ये शिरतानाच टोल असायचा, परत येताना फुकट. गाडीतली सगळी चिल्लर तिथे गेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गाव जेमतेम दीड-दोन हजार वस्तीचं आणि जुन्या पुस्तकांची दुकानं तीसेक! हा उद्योग रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने १९६०च्या दशकात सुरू केला. १ एप्रिल १९७७ ला त्याने गाव स्वतंत्र राज्य आणि स्वतःला राजा जाहीर केलं, घोड्याला पंतप्रधान केलं. तारीख बघूनच निवडलेली. पण दुकानं आली, गिऱ्हाईक आलं, गाव जगलं.

मला आवडलं ते किल्ल्याच्या आवारातलं 'दुकान'. उघड्यावर फळ्या, त्यावर पुस्तकं, ना दुकानदार ना गल्ला. पैसे टाकायला पेटी. एकेक पुस्तक पौंडाच्या आतबाहेर. मी दोन निवडली आणि खिशात एकच पाच पौंडांची नोट! चिल्लर टोलला गेलेली. पेटी काही सुटे परत देईना. ह्यांचा कोकणस्थी बाणा जागा झाला, म्हणे आता पाच पौंड वसूल करायचेच. पावसाची भुरभुर चालू, हे भराभर पुस्तकं उपसतायत आणि मी पराठ्यांचा डबा सांभाळतेय. त्यात मेंढ्या आल्या, लाकूड सुकवण्यावरचं एक आलं आणि कुठल्याशा चर्चचा जमाखर्च आला. मी निवडलेली दोन कुठे गेली देव जाणे, मेंढ्या मात्र पुण्यापर्यंत आल्या.

तुमचेही असे किस्से असतील तर लिहा.

खारीबटर
हे 'हे'ला तयार होईनात 😂😂 ऑफिसात मोठ्याने हसले, बॉसने बघितलं

पायवाट
आम्ही भिलारला गेलेलो, पाचगणीच्या पुढे, ते पुस्तकांचं गाव. दिवाळीनंतर लगेच, त्यामुळे स्ट्रॉबेरी नाही, त्यामुळे पोरं रुसलेली. पुस्तकं लोकांच्या राहत्या घरांत आहेत, एका घरात कथा, एकात इतिहास, एकात संतसाहित्य असं. चप्पल काढून कुणाच्याही ओसरीवर बसायचं. सासरे दिवाळी अंकांच्या घरात शिरले ते चार वाजेपर्यंत बाहेरच येईनात. त्या घरच्या काकूंनी त्यांना पिठलं-भाकरी वाढली, आणि आम्ही बाहेर गाडीत वेफर्स खात बसलेलो. अजून ऐकवतात, तुम्हाला वाचायची आवड नाही म्हणून.

नियमवाला
भिलारला पुस्तकं विकत मिळत नाहीत. बसून वाचायची, ठेवून यायची. धागा दुकानांचा आहे.

पायवाट
बरं बाई / बुवा. पिठलं विकत मिळतं.

नियमवाला
बुवा. आणि माहिती म्हणून, ४ मे २०१७ ला सुरू झालं तेव्हा २५ ठिकाणं आणि १५ हजारांच्या आसपास पुस्तकं होती. कल्पना मूळ त्या 'हे'वरूनच घेतलेली आहे. म्हणजे धाग्यात बसतं तसं.

थंडीवारा
न्यूकॅसलच्या वर ॲनिक म्हणून गाव आहे (स्पेलिंगमध्ये एल आणि डब्ल्यू आहेत, दोन्ही गिळायचे). तिथलं रेल्वे स्टेशन १९६८ ला बंद पडलं, आता आत बार्टर बुक्स हे जुन्या पुस्तकांचं दुकान. आपली पुस्तकं नेऊन द्यायची, त्यांना पसंत पडली तर आपल्या नावावर रक्कम जमा, त्यातून दुसरी घ्यायची. बोहारणीचाच व्यवहार, फक्त भांड्यांऐवजी पुस्तकं. मी दोन पिशव्या नेल्या, त्यांनी एक परत दिली. फार अपमान वाटला. कपाटांच्या डोक्यावरून खेळण्यातली आगगाडी फिरते, लेक दीड तास मान वर करून तीच बघत होता. मला काय, शेकोटीपाशी खुर्ची मिळाली. डुलकी काढली.

चहाबाज
बोहारणीचा व्यवहार 👌

उंबरा
विषय सोडून लिहितेय, माफ करा. बाबा गेल्यावर घर रिकामं करायला मला चार दिवसांची रजा होती. पुस्तकं रद्दीवाल्याला दिली. १४ रुपये किलो. त्याने तीन फेऱ्या मारल्या. बाबा पहिल्या पानावर सही करून खाली तारीख घालायचे, आणि ती जवळजवळ नेहमी महिन्याची एक किंवा दोन असायची, पगार झाला की पुस्तक. आता माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी फुटपाथवर जुनी पुस्तकं दिसली की मी किंमत बघत नाही, आधी पहिलं पान उघडते. आठ वर्षं झाली. दुकानदार म्हणतो, ताई, घ्या तरी एखादं.

माळ्यावरची
उंबरा, अगं माफी कसली. चार दिवसांत कोणीही तेच केलं असतं.

खारीबटर
आम्ही तर आजोबांचा ग्रामोफोन पण दिला गं. नको आठवण.

दूरचावासी
बॉस्टनहून दोन तासांवर माँटेग्यू बुकमिल. १८४२ ची पिठाची गिरणी, खाली नदी धो धो, आत लाकडी जमीन करकरते. त्यांचं ब्रीदवाक्यच आहे : न लागणारी पुस्तकं, न सापडणाऱ्या जागी. आम्हाला वाटलं गंमत आहे. तिथे फोनला रेंज गेली, तीनदा चुकलो, एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवून रस्ता दाखवला. पोचलो तेव्हा बंद व्हायला तासभर. बायको अजूनही खिडकीतल्या त्या खुर्चीबद्दल बोलते जिच्यात तिला बसता आलं नाही. पुस्तक घेतलं की नाही आठवत नाही, कॉफी चांगली होती

चहाबाज
इकडे कोणी अप्पा बळवंत चौकाबद्दल का लिहीत नाही

नियमवाला
ते आडगाव नाही.

चहाबाज
पार्किंग शोधायला तेवढाच वेळ जातो हो.

वाड्यावरचा
नमस्कार. मी पशुधन पर्यवेक्षक आहे, फलटण भागात. माळ्यावरची मॅडम, त्या पुस्तकात आंत्रविषार आहे का? आणि खुरांचे रोग? आमच्याकडे पावसाळ्यात धनगरांच्या वाड्यावर खुरं सडण्याचा फार त्रास. चित्रं असतील तर दाखवायला बरं पडेल, नुसतं सांगून पटत नाही.

माळ्यावरची
थांबा, कुकर लावलाय, बघून सांगते

माळ्यावरची
खुरांवर आख्खं प्रकरण आहे! खूर कसं कापायचं त्याची चित्रं, कात्रीसकट. दुसऱ्या नावाचं मला कळत नाही, इंग्रजीत काय म्हणतात?

वाड्यावरचा
एंटेरोटॉक्सिमिया.

माळ्यावरची
आहे. आठ पानं. दोन पानांवर हळदीचा डाग आहे, तो आमचा.

वाड्यावरचा
गुरुवारी पुण्याला येतोय कामासाठी. पुस्तकाचे किती द्यायचे सांगा.

थंडीवारा
पैसे काय, बार्टर करा! एक मेंढी घ्या ताई

माळ्यावरची
चौथा मजला, लिफ्ट बंद. वाड्यावरचा, पैसे नकोत हो, घेऊन जा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, बघ, पाच पौंड वसूल झाले.

पैठणी
मुलगा कार्डिफला आहे, जूनमध्ये जातेय. त्या हेला रेल्वे जाते का? मला गाडीत मळमळतं.

थंडीवारा
नाही काकू, हेरफर्डपर्यंत रेल्वे, पुढे बस आणि ती डोंगरवळणाची. आल्याची वडी ठेवा. आणि मेच्या शेवटी तिथे मोठा साहित्य महोत्सव असतो, तो उरकल्यावर जा, नाहीतर चहालाही रांग.

पैठणी
वडी कार्डिफला मिळते का की इथूनच नेऊ?