नाकाची गाळणी धावताना कामाची नाही

सल्फर डायऑक्साइड हा गंधकाचा वायू पाण्यात चटकन विरघळतो म्हणून ओलसर नाकातच अडकतो, फुप्फुसांपर्यंत पोचत नाही, हा नाशिकच्या हवेवरच्या चर्चेत मांडलेला मुद्दा खरा आहे. पण शांत बसून नाकाने श्वास घेणाऱ्यापुरता. नाशिकच्या नदीकाठच्या गोदापार्कवर धावणारा माणूस थोड्या वेळात तोंडानेच श्वास घ्यायला लागतो आणि नाकाची गाळणी बाजूला राहते. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या काही मिनिटांत आवळतात, छाती जड होते, सुंई-सुंई आवाज सुरू. जागतिक आरोग्य संघटनेने या वायूसाठी चक्क 10 मिनिटांची वेगळी मर्यादा (घनमीटरला 500 मायक्रोग्रॅम) ठेवली आहे ती याचमुळे. तेव्हा दिवसभराची सरासरी बरी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

हा वायू येतो कुठून, यावर बाकी सगळे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांवरच बोलताहेत. द्राक्षांचं पॅकहाउस राहिलंच की! निर्यातीच्या पेटीत बुरशी लागू नये म्हणून जो कागद ठेवतात, त्यातल्या मेटाबायसल्फाइटला (गंधक असलेल्या क्षाराला) ओल लागली की हाच वायू सुटतो. हंगामात मावसभावाकडे मदतीला गेलं, की कोल्ड स्टोरेजमधून परत आलेल्या पेट्या उघडताना घसा चरचरतो. वहिनींना दमा आहे, त्या तर पेट्या उघडतात त्या खोलीत पाऊलच टाकत नाहीत (शहाण्या आहेत). बाकीचे तोंडाला रुमाल बांधतात. रुमाल थोडीफार धूळ अडवेल, वायू नाही. त्यापेक्षा पेट्या शेडबाहेर मोकळ्यावर उघडा.