इंडोनेशियाची निवडणूक आणि 'त्यांना लोकशाही झेपत नाही' छाप पोस्टी

जावा_रिटर्न:
"मुसलमान बहुसंख्य झाले की लोकशाही संपते. इंडोनेशियाच बघा, शेवटी मौलवींनी जनरलला गादीवर बसवलंच." अशी पोस्ट काल सोसायटीच्या ग्रुपवर फिरत आली. मी दोन ओळींत उत्तर दिलं तर "तुम्ही तिकडचं मीठ खाल्लंय ना" म्हणे. खाल्लंय बाबा. पश्चिम जावात कापड गिरणीत नोकरी केली, निवडणुकाही तिथेच पाहिल्या. ग्रुपवर सेक्रेटरींना त्रास नको म्हणून इथे लिहितोय, लांबलं तर सोसा.

कुठले मौलवी? १४ फेब्रुवारी २०२४ ला तेच जनरल, म्हणजे प्राबोवो सुबियांतो, ५८ टक्क्यांवर मतं घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आले. धार्मिक पक्षांचा पाठिंबा होता तो अनीस बास्वेदान यांना. ते २५ टक्क्यांच्या आसपास अडकले, ३८ प्रांतांपैकी फक्त आचे आणि पश्चिम सुमात्रात पुढे राहिले. गांजार प्रानोवो तिसरे. पीपीपी हा जुना मुस्लिम पक्ष तर संसदेसाठी लागणारी ४ टक्के मतंही गोळा करू शकला नाही. आणि ज्यांना 'मौलवींनी बसवलं' त्या प्राबोवोंची आई ख्रिश्चन, सख्खा भाऊ ख्रिश्चन. कट्टर मंडळी त्यांच्याबरोबर होती ती २०१४ आणि २०१९ ला, आणि दोन्ही वेळा ते जोको विडोडोंकडून हरले. २०२४ ला टिकटॉकवर गुबगुबीत आजोबा बनून नाचले, तेव्हा जिंकले.

१९९८ पर्यंत हुकूमशहा सुहार्तोंची ३२ वर्षं. २००४ पासून राष्ट्राध्यक्षाची निवड थेट लोकांकडून. दोन कारकिर्दी झाल्या की माणूस घरी जातो. आधी सुसिलो बांबांग युधोयोनो गेले, मग विडोडो. आणखी काय झेपायला हवंय?

कटिंग_चहा:
धागा गुलाबी चष्म्यातून लिहिलाय. विडोडो घरी गेले, पण थोरल्या चिरंजीवांना उपराष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत बसवून गेले, हे सोयीस्कररीत्या गाळलंत. उमेदवारीला किमान वय ४०, हे चिरंजीव, जिब्रान, ३६ चे. मग १६ ऑक्टोबर २०२३ ला घटना न्यायालयाने वाट काढली: आधी महापौर वगैरे म्हणून निवडून आला असाल तर वयाची अट माफ. जिब्रान तेव्हा कुठे होते? सोलो शहराचे महापौर. सरन्यायाधीश अन्वर उस्मान कोण? विडोडोंच्या बहिणीचे यजमान, म्हणजे जिब्रानचे आतोबा. पुढे नैतिकता मंडळाने आतोबांना सरन्यायाधीशपदावरून उतरवलं, निकाल मात्र जागच्या जागी.

प्राबोवोंचं म्हणाल तर सुहार्तोंचे माजी जावई, १९९८ च्या कार्यकर्ते अपहरण प्रकरणात लष्करातून बाहेर पडावं लागलेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी माजी सासऱ्यांना 'राष्ट्रीय वीर' करून टाकलं. तुमची ती पोस्ट मूर्खच आहे. पण तिकडे सगळं आलबेल आहे, हे तिला उत्तर नव्हे.

जावा_रिटर्न:
घराणेशाहीवर प्रवचन, तेही महाराष्ट्रात बसून! इथे काका, पुतणे, लेकी, जावई सगळे रांगेत उभे आहेत, त्यांना मत देऊनच आपण घरी येतो.

आतोबांचं प्रकरण तिथल्या प्रत्येक वर्तमानपत्रात, प्रत्येक चहाच्या टपरीवर चघळलं गेलं होतं. माहीत असूनही लोकांनी मतं दिली. तुम्हाला निकाल आवडला नाही म्हणजे लोकशाही आजारी, असं होत नाही.

कटिंग_चहा:
निवडणुकीच्या तोंडावर सरकारी तांदळाच्या पिशव्या वाटत खुद्द राष्ट्राध्यक्ष विडोडो फिरत होते. एप्रिल २०२४ ला घटना न्यायालयाने निकालाविरुद्धच्या तक्रारी फेटाळल्या, पण आठपैकी तीन न्यायाधीशांनी वेगळं मत नोंदवलं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालाच्या खटल्यात तिथे असं आधी झालं नव्हतं. तेही टपरीवर बसलेले का?

मिरजेचा_तानपुरा:
तुम्हा दोघांचं चालू द्या, माझं एक गाऱ्हाणं. मी मिरजेचा. नाव सांगितलं की कोणीतरी हमखास तुर्कस्तान, पाकिस्तान, आता इंडोनेशियाचा हिशोब मागतं. जावात कोण जिंकलं याची जबाबदारी माझ्याकडे कोणी सोपवली? मी सांगलीचा आमदार निवडू शकत नाही, मिरज मतदारसंघ वेगळा आहे. आणि धागाकर्ते, 'बघा, मुसलमानसुद्धा नीट मतदान करतात' हे कौतुकही त्याच मापाचं आहे. राग मानू नका. माना हवं तर.

जावा_रिटर्न:
@तानपुरा, राग नाही. पण त्या ग्रुपवर दुसरी भाषा कळत नाही हो.

कागदी_मत:
मुख्य मुद्दा सगळ्यांनी सोडला. २० कोटींहून जास्त मतदार, आठ लाखांवर मतदान केंद्रं, एकच दिवस, आणि सगळं कागदावर! खिळ्याने भोक पाडायचं, बोट शाईत बुडवायचं, संपलं. दुपारी एकला मतदान बंद, लगेच तिथेच मोजणी. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडी गावाने डिसेंबर २०२४ मध्ये नुसतं हौसेने कागदावर मतदान करून बघतो म्हटलं तर जमावबंदी. काय घाबरता? इंडोनेशियाला जमतं, आपल्याला का नाही?

कटिंग_चहा:
झालं. धागा ईव्हीएमवर गेला.

जावा_रिटर्न:
जाऊ द्या, कारण ती मोजणी खरंच बघण्यासारखी असते. आमच्या गल्लीत एका घराच्या ओसरीतच केंद्र होतं. प्रत्येक मतपत्रिका उघडून दिव्यासमोर धरायची, भोक दाखवायचं, "साऽह!" (म्हणजे 'वैध') म्हणून ओरडायचं, की भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यावर एक रेघ. बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या. चुकीच्या नावाला रेघ पडली की गल्ली ओरडते. त्या तक्त्याचे फोटो लोक स्वतः काढतात आणि बेरजा जुळवतात. २०२४ ला आयोगाच्या अ‍ॅपने फोटोंतले आकडे भलतेच वाचले, तेव्हा लोकांनी याच फोटोंवरून बोंब मारली.

ईव्हीएम_झिंदाबाद:
छान. आणि त्या कागदी जत्रेत माणसं मेली ते? २०१९ ला तिथे राष्ट्राध्यक्ष आणि चार सभागृहं, पाच मतपत्रिका एकाच दिवशी होत्या. मोजता मोजता केंद्रावरचे जवळजवळ ९०० कर्मचारी दगावले. थकवा, आधीचे हृदयविकार. कागदवाल्यांनी यावर बोलावं. ईव्हीएमसोबतच्या व्हीव्हीपॅटमधल्या कागदी चिठ्ठ्या शंभर टक्के मोजायची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली, तेव्हा विषय संपला.

रानजाई:
मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. तुमचं ईव्हीएम की कागद चालू द्या, त्या मेलेल्या लोकांवर कोणीतरी एक ओळ लिहिली म्हणून आले. कारण आमच्याकडे यंत्र आहे तरी हाल तेच.

आदल्या दिवशी सकाळी साहित्य घ्यायला तालुक्याला. मांडवात उन्हात यादी शोधा, आपली टीम शोधा, एसटीत बसा, केंद्रावर पोचा. रात्री शाळेच्या फरशीवर झोपायचं, बाईमाणसाला संडासाची सोय विचारायची नाही. पहाटे उठून मॉक पोल, किमान ५० मतं टाकून मोजायची, मशीन 'क्लिअर' केलं नाही तर नोकरीवर गदा. सातपासून सहापर्यंत जेवायला उठायचं नाही. मग नमुना १७-क (पडलेल्या मतांचा हिशोब), पाकिटं, लाखेचे शिक्के, आणि परत तालुक्याला जाऊन जमा करायच्या रांगेत मध्यरात्र. माझ्या मैत्रिणीला मधुमेह, नाव वगळा म्हणून अर्ज दिला तर "दाखला सिव्हिल सर्जनचाच हवा". दाखला मिळेपर्यंत मतदान उरकलं होतं. केंद्रावर चक्कर येऊन पडली, तिच्या जागी शिपायाला बसवलं आणि मतदान 'शांततेत पार पडलं'.

ईव्हीएम_झिंदाबाद:
ताई, आदर आहे. पण वर्षातून अर्धा वेळ सुट्टी असणाऱ्यांनी पाच वर्षांतून एक दिवस...

रानजाई:
पाच वर्षांतून एक?! लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, मधेच पोटनिवडणूक. शिवाय बीएलओ (केंद्राची मतदारयादी सांभाळणारे) म्हणून घरोघरी यादी, आणि जनगणना आली की तीही आमच्याच गळ्यात. तुमची ही 'अर्धा वेळ सुट्टी' कुठल्या शाळेत मिळते ते कळवा, बदली मागते.

मिरजेचा_तानपुरा:
@झिंदाबाद, माफी मागून मोकळे व्हा. आमची आई शिक्षिका होती, मी सांगतो ते ऐका.

ईव्हीएम_झिंदाबाद:
माफी कशाची? मी तर यंत्राच्या बाजूने, म्हणजे त्यांच्याच बाजूने बोलत होतो. कागद आणला तर मोजणीपण त्यांच्याच गळ्यात पडेल. बरं, सुट्टीचं वाक्य मागे. बाकी वाक्यं तशीच.

कागदी_मत:
दोन्ही बाजूंनी मलाच खलनायक करा. इंडोनेशियाने २०१९ नंतर केंद्रावरच्या लोकांना ५५ ची वयोमर्यादा घातली, आरोग्य तपासणी सुरू केली. कागद न सोडता.

रानजाई:
आणि तरी २०२४ ला शंभराहून जास्त गेले. तपासणी चांगलीच हो, इथे तर तीही नाही. पण पाच मतपत्रिका एका दिवशी ठेवायच्या आणि माणसाचा रक्तदाब मोजायचा, हा कसला उपाय? काम दोन दिवसांत वाटा, मोजायला दुसरी ताजी टीम आणा. ते कोणी म्हणत नाही, कारण निकाल त्याच रात्री हवा असतो. तुम्हालाही, मलाही.

जावा_रिटर्न:
मूळ विषयावर एकच. @कटिंग_चहा, तुमच्या त्या बदनाम घटना न्यायालयानेच २ जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार द्यायला संसदेत २० टक्के जागा हव्यात ही अट रद्द केली. म्हणजे २०२९ ला छोटे पक्षही स्वतःचा उमेदवार देऊ शकतील. हे आजाऱ्याचं लक्षण वाटतं का?

कटिंग_चहा:
एक गुण घ्या. हवं तर तक्त्यावर रेघ मारा आणि "साह" ओरडा. पण मार्च २०२५ मध्ये सैनिकांना आणखी मुलकी खुर्च्या मोकळ्या करणारा कायदा संसदेने केला, त्याची रेघ कोणाच्या नावावर मारायची तेही सांगा. आणि तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यातलं अर्धं तरी टाकाल का, की तिथे नुसतं 'नमस्कार, सुप्रभात'?

जावा_रिटर्न:
तिथे सध्या पार्किंगवरून भांडण पेटलंय. ते विझलं की टाकतो.