मदत हवी आहे: पॅड नवे टाकले आणि ब्रेक आधीपेक्षा वाईट झाले

नमस्कार मंडळी,

पेट्रोल हॅचबॅक, २०१५ ची, ७८,००० किमी झालेत. पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्रेक दाबला की चीं-चीं आवाज यायचा, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी घराजवळच्या गॅरेजात पुढचे पॅड बदलून घेतले. आवाज गेला आणि त्याच्याबरोबर ब्रेकही गेले म्हणा ना! अगदी फेल नाहीत, पण सिग्नलला थांबायचं तर पेडलवर जवळजवळ उभं राहावं लागतं.

पेडल मऊ नाही, उलट दगडासारखं कडक आहे. गाडी एका बाजूला ओढत नाही. ब्रेक ऑइल वरच्या खुणेपर्यंत आहे. डिस्कच्या कडेला नखाला लागेल एवढी धार आलीय, मधला पट्टा चकचकीत.

मिस्त्री आधी म्हणाला, 'नवे पॅड बसायला वेळ लागतो.' परत गेलो तर म्हणतो डिस्क बदला. दुसऱ्याने गाडी उचलायच्या आतच बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) गेल्याचं सांगून टाकलं. कोणाचं ऐकू?

हो, पॅड टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी महाबळेश्वरला जाऊन आलो. जाताना काही त्रास नव्हता. येताना पसरणी घाटात करपल्याचा वास आला. सासूबाईंनी विचारलंही. मी म्हटलं, खाली वाईकडे कोणी उसाचं पाचट पेटवलं असेल.

पुढच्या आठवड्यात ताम्हिणीतून कोकणात उतरायचंय.

प्रतिसाद १
पाचट नव्हतं ते, तुमचे पॅड होते. घाट कितव्या गिअरवर उतरलात?

धागाकर्ता
चौथ्या. पाच माणसं, डिकी भरलेली. ब्रेकवर पाय ठेवूनच आलो.

प्रतिसाद १
वाटलंच. नव्या पॅडला पहिले दोन-तीनशे किमी जपायचं असतं. न बसलेला पॅड एकदम तापला की त्यातलं रेझिन (पॅडचा मसाला बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) वर येऊन काचेसारखा थर धरतं. मग तुम्ही कितीही दाबा, पॅड डिस्कला टेकतो पण पकडत नाही. ऑइल उकळलं असतं तर पेडल पोकळ होऊन तळाला गेलं असतं. तुमचं उलट आहे.

बूस्टरची शंका फुकटात फिटेल. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, कडक झालं की पाय तसाच दाबून गाडी चालू करा. पेडल थोडं खाली बसलं तर बूस्टर ठीक. हललंच नाही तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाईप बघा.

प्रतिसाद २
डिस्क मोजल्याशिवाय बदलू नका. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. धार सोडून आत, घासल्या जाणाऱ्या पट्ट्यावर मोजा. चाक काढलंच आहे तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना हाताने सरकतात का तेही बघा. आतला आणि बाहेरचा पॅड कमी-जास्त झिजलाय, तर पिन जाम समजा.

आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत? पातळी भरली म्हणजे ऑइल चांगलं असं नाही, ते हवेतलं पाणी पितं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ पर्यंत येते. आज पेडल कडक आहे, उद्या ताम्हिणीत पोकळ होईल.

धागाकर्ता
अपडेट. पेडल खाली बसलं, म्हणजे बूस्टर निर्दोष. पॅड काढले तर आरसा! डावीकडची एक पिन गंजून जाम होती, साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावलं. डिस्कवर १५ मिमी कोरलंय, भरली १६.२, म्हणजे तिकडचे पैसे वाचले. मिस्त्री जुने पॅड घासून बघतो म्हणाला, मी नवेच टाकायला लावले. ऑइल गाडी घेतल्यापासून कोणी बदललं नव्हतं, काढलं तेव्हा कोऱ्या चहासारखं होतं. बदलून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली.

नवे पॅड बसावेत म्हणून आज पहाटे रिकाम्या रस्त्यावर गाडी साठवरून पंधरापर्यंत, पूर्ण न थांबवता, दहा वेळा आणली. मग थंड व्हायला पाच-सहा किमी जवळपास ब्रेक न लावता. फरक पहिल्याच सिग्नलला कळला.

एक शंका राहिली. हँडब्रेक फार वर ओढावा लागतो. मागच्या ड्रममधले लायनर (तिथले पॅडच म्हणा) उघडायला लावू का?

प्रतिसाद २
लावा, आणि जायच्या आधी. ताम्हिणी दुसऱ्या गिअरवर उतरा.