रविवारच्या अभ्यासगटात एफ शार्प घ्यायचं की जावाच पक्कं करायचं?

(सोलापुरातल्या प्रोग्रॅमिंग अभ्यासगटाची चर्चा. प्रत्येक मताच्या वर नावाऐवजी लिहिणाऱ्याचा भाग दिला आहे.)

अक्कलकोट रोड

अभ्यासगटाच्या पुढच्या आठ बैठकांत काय घ्यायचं ते ठरवायचंय. मुलं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची आहेत, जावातलं लूप, क्लास, ॲरे सगळ्यांना येतं. माझं म्हणणं, आणखी एक जावा प्रकल्प नको, एफ शार्प घ्या. डॉन साईम यांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये घडवलेली ही भाषा २००५ पासून आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटचा एसडीके, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं साहित्य, टाकला की सी शार्पसोबत ती आपोआप येते, वेगळं काही बसवावं लागत नाही.

शिकवायचं काय, तर डेटाचा आकारच असा ठरवणं की चुकीची स्थिती लिहिताच येऊ नये. टॉवेल कारखान्यातली ऑर्डर घ्या. नोंद झाली, मागावर चढली, शिलाईला गेली, पॅक झाली, रवाना झाली. नवशिका मुलगा जावात एकच क्लास करतो. माग क्रमांक, गाठींची संख्या, ट्रक क्रमांक, रवानगीची तारीख, सगळी फील्ड एकत्र, आणि लागू नसेल तिथे नल, म्हणजे रिकामी किंमत. मग ट्रक क्रमांक भरलाय पण गाठींची संख्या रिकामी, अशी ऑर्डर बिनदिक्कत तयार होते आणि चूक कळते ती बिल काढताना. एफ शार्पमध्ये 'युनियन' नावाचा टाइप करायचा, म्हणजे ठरलेल्या प्रकारांपैकी एका वेळी एकच असणारा डेटा. पाच प्रकार, प्रत्येकाचा डेटा त्याच्यापुरता. ट्रक क्रमांक फक्त 'रवाना'मध्ये राहतो, आणि गाठींची संख्या दिल्याशिवाय 'रवाना' बनतच नाही. उद्या शिलाईनंतर 'तपासणी' हा टप्पा वाढवला, तर ज्या ज्या मॅचमध्ये (प्रकार बघून काय करायचं ते ठरवणारा तुकडा) तो हाताळलेला नाही ती प्रत्येक जागा कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम, दाखवतो.

मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं की हा नुसता इशारा असतो, एरर नाही. म्हणून प्रोजेक्ट फाइलमध्ये इशारा क्रमांक २५ ला एरर करून टाकायचं. आणि मॅचच्या शेवटी 'बाकी सगळं' म्हणून अंडरस्कोर लिहिला की हे संरक्षण गेलं, नवा टप्पा गुपचूप त्याच ओळीत जाऊन पडतो.

सात रस्ता

विरोध. भाषेला नाही, आठ रविवार खर्च करायला. या मुलांच्या मुलाखती पुण्याला नाहीतर हैदराबादला होतात आणि तिथे एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, विचारतात. लेफ्ट जॉइन केल्यावर वेअरमध्ये उजव्या टेबलाची अट घातली की तो इनर जॉइनसारखा का वागतो? दोन कॉलमवर इंडेक्स असताना पहिला कॉलम सोडून नुसत्या दुसऱ्यावर शोधलं तर तो सहसा वापरला का जात नाही? दोन जणांनी एकाच क्षणी तोच स्टॉक वाचून कमी केला तर काय उरतं? दोघांनी एकच ओळ बदलली की गिटमध्ये होणारा कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवता येतो का? हे रोज लागणारं आहे आणि हेच कच्चं आहे.

दुसरं, तुम्ही दिलेलं उदाहरण जावातच होतं ओ. जावा १६ मध्ये रेकॉर्ड (नुसता डेटा धरणारे छोटे क्लास) आले, १७ मध्ये सील्ड इंटरफेस (ज्याचे प्रकार आधीच ठरलेले), २१ मध्ये स्विचमधले पॅटर्न. 'ऑर्डर' हा सील्ड इंटरफेस, त्याखाली पाच रेकॉर्ड आणि वर स्विच एक्स्प्रेशन. टप्पा वाढवून स्विचमध्ये लिहायचा राहिला तर जावा इशारा देत बसत नाही, सरळ एरर देते. प्रोजेक्ट फाइलला हातही लावावा लागत नाही. मग अनोळखी व्याकरणाचा भार मुलांवर कशाला?

अक्कलकोट रोड

जावा २१ बद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि थेट एरर येणं हे इशाऱ्यापेक्षा चांगलंच. पण भोकं राहतात. ऑर्डरच्या जागी नल आला तर स्विचलाच नल पॉइंटर एक्सेप्शन येतं, म्हणजे प्रोग्रॅम चालताना अडतो. नलसाठी वेगळी केस लिहावी लागते, आणि ती राहिली तर कंपायलर गप्प असतो. रेकॉर्डही वरवरच न बदलणारा असतो. त्याच्या आत लिस्ट असेल तर ज्याच्या हाती ती लिस्ट आहे तो बाहेरून तिच्यात भर घालू शकतो. कन्स्ट्रक्टरमध्ये लिस्टची न बदलणारी प्रत घ्यायची आठवण माणसानेच ठेवायची. एफ शार्पची लिस्ट मुळातच बदलत नाही, आणि आपण घडवलेल्या युनियनच्या जागी नल लिहिला तर एफ शार्पचा कंपायलर तो घेत नाही.

शिवाय एकक. टॉवेल ७५ बाय १५० सेंमी, वजन ५०० ग्रॅम. क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर, म्हणजे जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) ४४४. निर्यातीच्या कागदावर तेच वजन डझनाला १३.२ पौंड असं येतं. साधी दशांश संख्या वापरली तर हे १३.२ ग्रॅमच्या जागी जाऊन बसतं, जीएसएम ११.७ निघतो आणि प्रोग्रॅम खुशाल पुढे चालतो. एफ शार्पमध्ये संख्येलाच एकक जोडता येतं, म्हणून 'पौंड भागिले डझन' हे 'ग्रॅम'च्या जागी दिलं की कंपाइल होत नाही. रूपांतर मात्र आपोआप होत नाही. १ पौंड म्हणजे ४५३.५९२३७ ग्रॅम हा गुणक आपण लिहायचा. मला ते बरंच वाटतं, कारण तो गुणक एकाच जागी सापडतो.

सात रस्ता

ती एककं कंपाइल झाल्यावर पुसली जातात, हेही सांगा की. प्रोग्रॅम चालताना उरते ती नुसती संख्या. आणि चूक होते कुठे? एक्सेलमध्ये, टाइप करताना. तिथे १३.२ ला काहीच चिकटलेलं नसतं. फाइल वाचणाऱ्या फंक्शनने त्याला डोळे मिटून 'ग्रॅम' लावलं, तर तुमचा कंपायलर त्या चुकीवर शिक्का मारून पुढे पाठवेल.

अक्कलकोट रोड

हो, मारेल. म्हणून एकक लावायचं काम एकाच फाइलमध्ये ठेवायचं. तिथे कॉलमचं शीर्षक तपासायचं, आणि टेरी टॉवेलचा जीएसएम २५० ते ८०० च्या बाहेर गेला तर ती ओळ नाकारून कारणासकट परत द्यायची. एक्सेप्शन फेकायचं नाही, रिझल्ट टाइप ('बरोबर' किंवा 'चूक आणि तिचं कारण') परत करायचा, म्हणजे दोनशे ओळींतल्या चार चुकल्या तर चारही एकदम दिसतात. शंका घ्यायच्या जागा चाळीस फाइलींवरून एकीवर येतात, फायदा तो आहे.

भवानी पेठ

दोघांशीही असहमत. शिकण्यासाठीच शिकायचं असेल तर हास्केल ही भाषा घ्या. एफ शार्पमध्ये म्यूटेबल (नंतर बदलता येणारी किंमत) आहे, फॉर लूप आहे, क्लास आहेत. मुलं तिसऱ्या रविवारी एफ शार्पच्या व्याकरणात सी शार्प लिहू लागतील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. हास्केलमध्ये ती पळवाट बंद आहे. फंक्शन फाइल वाचतं की नुसता हिशोब करतं हे त्याच्या टाइपवरच दिसतं. हिशोबाच्या फंक्शनमध्ये मध्येच प्रिंट टाकायला गेलात तर टाइप बदलावा लागतो, आणि तो बदल हाक मारणाऱ्या प्रत्येक फंक्शनपर्यंत चढत जातो. प्रोग्रॅमचा कोणता भाग जगाला हात लावतो याचं इतकं स्पष्ट चित्र दुसरीकडे मिळत नाही.

कुठे पाय अडकतो तेही सांगतो. हास्केल आळशी आहे, गरज पडेपर्यंत काहीच मोजत नाही. दहा लाख आकड्यांची बेरीज साध्या डावीकडच्या फोल्डने (यादी डावीकडून एकेक घेत गोळा करणारं फंक्शन) जीएचसीआयमध्ये, म्हणजे हास्केल ओळीओळीने चालवणाऱ्या साधनात, केली, तर आधी दहा लाख न सोडवलेल्या बेरजांची साखळी मेमरीत उभी राहते. ऑप्टिमायझेशन लावून कंपाइल केलं की बहुतेक वेळा हे दिसत नाही, म्हणून मुलांना वाटतं प्रश्न संपला. उपाय सांगतात तो काटेकोर फोल्डचा, नावाच्या शेवटी ' ही खूण असलेला. पण सरासरीसाठी बेरीज आणि संख्या अशी जोडी पुढे नेत असाल तर तोही पुरत नाही. तो जोडी आहे एवढंच बघतो, जोडीच्या आतले आकडे तसेच साचत राहतात. आतल्या दोन्ही नावांना बँग पॅटर्न, म्हणजे 'लगेच मोज' सांगणारं उद्गारचिन्ह, लावायचा, की मेमरी सपाट राहते. हे एकदा नीट कळलं की 'प्रोग्रॅम मोजतो कधी' हा प्रश्न कुठल्याही भाषेत विचारायची सवय लागते.

जुळे सोलापूर

भवानी पेठ, मुद्दा पटतो, पण ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हास्केलचा लँग्वेज सर्व्हर (लिहितानाच चुका दाखवणारा प्रोग्रॅम) आणि एडिटर एकत्र चालवून बघा. मशीन अडकतं. आठातले दोन रविवार बसवण्यात जातील.

मी एलिक्सिर ही भाषा सुचवतो, आणि तेही भाषेपेक्षा तिच्या खालच्या यंत्रासाठी. एर्लांग ही भाषा एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजसाठी सुरू झाली, एलिक्सिर त्याच यंत्रावर चालते. शंभर मागांवरून फेऱ्यांचे आकडे येत असतील तर प्रत्येक मागासाठी एक प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा छोटा प्रोग्रॅम. एका मागाकडून वेडावाकडा आकडा आला, त्याची प्रोसेस पडली, तर बाकी नव्व्याण्णव चालू राहतात आणि सुपरवायझर, म्हणजे बाकींवर देखरेख करणारी प्रोसेस, ती एक पुन्हा उभी करतो. इथे मुलांची फसगत ठरलेली आहे. सुपरवायझरची मूळ मर्यादा ५ सेकंदांत ३ वेळा उभं करण्याची असते. बिघडलेला सेन्सर दर सेकंदाला कचरा पाठवत असेल तर ती ओलांडते, सुपरवायझर स्वतःच बंद पडतो आणि त्याच्याखालच्या सगळ्या मागांच्या प्रोसेस जातात. म्हणजे येणारा आकडा तपासून टाकून द्यायचा, त्यासाठी प्रोसेस पाडायची नाही. दुसरी फसगत मेलबॉक्सची, म्हणजे प्रोसेसकडे येणाऱ्या निरोपांच्या रांगेची. त्याला वरची मर्यादा नाही. शंभर मागांचे निरोप एकाच नोंद-प्रोसेसकडे गेले आणि ती डेटाबेसची वाट बघत बसली, तर निरोप साचत जातात, उत्तराची वाट बघणाऱ्यांची मूळची ५ सेकंदांची मुदत संपते आणि ते पटापट पडू लागतात. डेटाबेस हळू आहे आणि मागांच्या प्रोसेस का पडतायत ते कळत नाही, असं दृश्य असतं.

सात रस्ता

तिघांनीही जे लिहिलंय ते जाणकारीचं आहे, पण उद्याचा प्रश्न कुणी घेत नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखानदाराला यातलं काही करून दिलं आणि लिहिणारा सहा महिन्यांत पुण्याला गेला, तर दुरुस्ती कोण करणार? पीएचपी, जावा, सी शार्पवाला इथे चार फोनमध्ये मिळतो. एलिक्सिरवाला शोधत मालक बसेल, आणि शेवटी सगळं परत एक्सेलवर जाईल. कोड चांगला असणं आणि त्याला वाली असणं, दोन्ही लागतं.

पाच्छा पेठ

त्यावर एक वाट आहे. पूर्ण ॲप एफ शार्पमध्ये करू नका. स्क्रीन, डेटाबेस, प्रिंट सी शार्पमध्ये ठेवा, आणि दर, जीएसएम, ऑर्डरचे टप्पे एवढा हिशोब एफ शार्पच्या वेगळ्या लायब्ररीत. एकाच सोल्यूशनमध्ये दोन्ही राहतात. सीमेवर युनियन किंवा एफ शार्पची लिस्ट बाहेर देऊ नका, सी शार्पकडून ती वापरणं जिकिरीचं होतं. ॲरे आणि साधे रेकॉर्ड द्या. पैशासाठी डेसिमल, फ्लोट नको, नाहीतर जीएसटीच्या बेरजेत पैशाचा फरक येतो.

मुलं हमखास अडतात अशा जागा दोन. प्रोजेक्टमधल्या फाइलींचा क्रम महत्त्वाचा असतो, खालच्या फाइलीतलं नाव वरच्या फाइलीत वापरता येत नाही. आणि लिस्टच्या शेवटी एकेक घटक जोडणं. प्रत्येक वेळी डावीकडची अख्खी लिस्ट नक्कल होते. एक लाख ओळींना त्या नकलांची बेरीज पाचशे कोटींच्या घरात जाते आणि प्रोग्रॅम लटकल्यासारखा वाटतो. पुढे जोडा आणि शेवटी एकदाच उलटा, नाहीतर ॲरे घ्या.

अक्कलकोट रोड

लायब्ररीची वाट मला मान्य. मग असं करू. पहिले दोन रविवार नुसती स्क्रिप्ट, डॉटनेट एफएसआयमध्ये (एफ शार्प ओळीओळीने चालवणारं साधन), प्रोजेक्ट फाइल नाही, पॅकेज नाही, म्हणून नेट नसलं तरी चालेल. एसडीके पेनड्राइव्हवर आणू. तिसरा ते पाचवा युनियन आणि रिझल्ट, त्यात घाई नको, सगळं मर्म तिथे आहे. सहावा एकक आणि फाइल वाचणं. सातव्याला सी शार्पमधून ती लायब्ररी वापरणं. हास्केल आणि एलिक्सिर या खेपेला नाही.

सात रस्ता

आठवा रविवार मला द्या. तोच ऑर्डरचा प्रोग्रॅम जावा २१ मध्ये सील्ड इंटरफेस आणि रेकॉर्ड वापरून, नलची केस आणि लिस्टची प्रत धरून, मुलांनी परत लिहायचा. कुणाला मदत न करता. तो जमला तर पुढच्या खेपेला मी विरोध करणार नाही. आणि एसक्यूएलचे चार रविवार त्याच्या लगेच पुढे, ते आजच तारखेसकट लिहून ठेवा.