गुहागरचं वाडीतलं घर लॅपटॉपवाल्या पाहुण्यांना महिन्याच्या बोलीवर द्यायचंय. आधी खर्च कशावर करू?

सुपारीबाग
नमस्कार मंडळी. गुहागरला नारळ-सुपारीच्या वाडीत चिऱ्याचं जुनं घर आहे, रस्त्यापासून साधारण ६० मीटर आत. दोन खोल्या आणि मागची पडवी शनिवार-रविवारी जाते, बाकी आठवडा रिकामी. पुण्या-मुंबईची, घरून काम करणारी मंडळी महिनाभरासाठी विचारतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "नेट आणि लाईटचं काय?" हातात दीड लाख आहेत. एसी, फर्निचर, रंग की बॅटरी, काही सुचत नाही. फायबर आहे, पण माजघराच्या पलीकडे वायफाय जात नाही. एका बॅटरीचा इन्व्हर्टर आहे, यूपीएस मोडवर ठेवलाय, तरी बॅटरी सारखी उतरलेली असते. घरावर मंगलोरी कौलं, पडवीवर पत्रा. पावसाळ्यातही द्यायचा विचार आहे. क्रम सांगा.

तारमास्तर
रंग आणि एसी शेवटी. आधी वीज.

तुमच्या बॅटरीचं दुखणं बहुधा त्या यूपीएस मोडमध्येच आहे. त्या मोडवर इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची वीज घेतच नाही. गावात संध्याकाळी व्होल्टेज १६५-१७० वर आलं की लाईट असूनही घर बॅटरीवर चालतं, आणि चार्जिंगही थांबतं. मीटर लावून संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज बघा. कमी असेल तर साध्या मोडवर टाका. तिथे लाईट गेली की बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडतो, पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला तो जाणवत नाही. राउटरला जाणवतो, म्हणून त्याला वेगळा छोटा डीसी यूपीएस द्या. घेण्याआधी राउटर आणि फायबरच्या डबीचे अडॅप्टर उलटे करून वाचा: १२ व्होल्ट की ९, किती अँपिअर. चुकीच्या व्होल्टेजवर डबी जळते.

आता हिशोब. दोन माणसं, प्रत्येकी लॅपटॉप आणि जोडीला मोठा स्क्रीन धरून ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३०, दिवा १०. वर नेटचं सामान २०. एकूण २५० वॅट. १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास. पण ६० टक्क्यांपेक्षा जास्त उतरवली तर आयुष्य घटतं आणि इन्व्हर्टरही थोडी खातो. हातात उरतात नऊशेच्या आसपास, म्हणजे साडेतीन तास. वादळात झाड पडून तार तुटली तर ते पुरणार नाहीत. २४ व्होल्टचा, प्युअर साइनवेव्ह (मेनसारखी सफाईदार वीज देणारा) इन्व्हर्टर आणि तशा दोन बॅटऱ्या घ्या, सात तास निघतात. अंदाजे ४५ ते ५० हजार. जुनी बॅटरी नवीच्या जोडीला लावू नका, जुनी नवीलाही ओढून खाली नेते. पाणी फक्त डिस्टिल्ड. बॅटऱ्या बंद खोलीत नकोत, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

टेबलाजवळचे पॉइंट इन्व्हर्टर लाइनवर घ्या, पण किटली आणि इस्त्रीसाठी १६ अँपिअरचा सॉकेट सरळ मेनवर, दुसऱ्या रंगाच्या प्लेटचा. १५०० वॅटची किटली इन्व्हर्टरवर लागली की ऐन मीटिंगमध्ये सगळं बंद.

अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात ही तक्रार तिथूनच येते. कातळात पाइप पुरून उपयोग नाही, एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडते. मोरीचं पाणी ज्या माडाच्या आळ्यात जातं त्याच्या कडेला अडीच-तीन मीटर पाइप, कोळसा-मीठ घालून. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसू नयेत. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा) आणि टाइप २ सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा) हवाच. आपल्याकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार. अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टर नुसता शोभेचा.

फायबरवाला
नेटचं सांगतो. चिऱ्याची भिंत नऊ इंच ते फूटभर, आणि पावसात ओल धरते. वायफायचं ५ गिगाहर्ट्झ तिथे संपतं, २.४ कसंबसं पोचतं. रिपीटर घेऊ नका, तो अर्धमेला सिग्नलच पुढे ढकलतो आणि वेग निम्मा करतो. राउटरपासून प्रत्येक खोलीत कॅट ६ केबल ओढा, पीव्हीसी पाइपातून, आणि खोलीत एकेक ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वायफाय देणारी डबी). केबल शुद्ध तांब्याची. स्वस्त रिळात ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा असतो. खाऱ्या हवेत तिची टोकं वर्षभरात कुजतात आणि नेट येतं-जातं. सगळीकडे नाव-पासवर्ड एकच, २.४ चे चॅनेल १, ६, ११ पैकी वेगवेगळे.

रस्त्यापासूनचे ६० मीटर जास्त महत्त्वाचे. वाडीतून वरून तार नेली की झावळी पडून तुटते, नाहीतर वानरं ओढतात. जमिनीत पुरली तर आळी करताना फावडं बसतं. एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइपात घालून गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पायथ्याने न्या, तिथे सहसा कोणी खणत नाही. ड्रॉप केबलच्या (रस्त्यावरून घरात येणाऱ्या फायबरच्या) कडेला पोलादी तार असते. ती बाहेर भिंतीवरच्या हुकाला अडकवून तिथेच संपवा, आत फक्त फायबर येऊ द्या. फायबर काचेचा, त्यातून वीज येत नाही, त्या तारेतून येते.

दुसरी जोडणी हवीच. ड्युअल वॅन (दोन जोडण्या घेणारा) राउटर घेऊन त्यात सिमवाला मोडेम लावा. सिम वेगळ्या कंपनीचं, आणि शक्यतो वेगळ्या टॉवरचं. पुष्कळदा फायबर आणि जवळचा टॉवर एकाच रस्त्याकडेच्या केबलवर असतात, खोदकाम झालं की दोन्ही एकदम जातात. महिनाभर चारही कंपन्यांची सिमं घराच्या चार कोपऱ्यांत तपासा, लाईट गेल्यावर दोन तासांनीही तपासा. टॉवरची बॅटरी संपते का ते तेव्हाच कळतं.

जाहिरातीत "हायस्पीड वायफाय" लिहू नका. सकाळी अकरा आणि रात्री नऊच्या चाचणीचे फोटो द्या, अपलोडसकट. चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी ३-४ एमबीपीएस पुरतात. लोक अडकतात ते पॅकेट गळतीमुळे, म्हणजे डेटाचे तुकडे वाटेत हरवल्यामुळे. शंभर पिंगमध्ये (जोडणी तपासायच्या छोट्या संदेशांत) एकही गळू नये.

माजघर
वरचं सगळं झालं की खोलीकडे वळा, ताई/दादा जे असाल ते.

जेवणाचं टेबल कामाला चालत नाही, उंच असतं. ७२ ते ७४ सेंटीमीटर उंची, १२० रुंद, पुढून मागे ६० पेक्षा कमी नको. गावच्या सुताराकडून जांभळाच्या किंवा फणसाच्या फळ्यांचं करून घ्या, मागे वायरींसाठी भोक ठेवून. खुर्चीत मात्र काटकसर नको: उंची खाली-वर होणारी, जाळीच्या पाठीची, नायलॉनच्या पायांची. फोमला पावसात बुरशी येते, क्रोमला गंज.

टेबल असं ठेवा की खिडकी बाजूला येईल. पाठीशी आली तर कॉलवर चेहरा काळा दिसतो. कौलारू घराच्या पागोळ्या खाली असल्याने आत दुपारीही अंधार असतो, म्हणून समोरच्या भिंतीवर ४००० केल्विनचा ९ वॅटचा दिवा. रिकाम्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. सतरंजी, जाड पडदे, भिंतीवर एखादी गोधडी, एवढ्याने बराच बसतो.

पत्र्याच्या पडवीत जून ते सप्टेंबर कॉल अशक्य. जिप्समचं छत लावू नका, ओलीने लोंबतं. सिमेंट फायबर बोर्ड आणि वर ५० मिलीमीटर रॉकवूल (आवाज शोषणारा दगडी तंतूंचा थर) घाला, तरी मुसळधार पावसात तिथे काम होईलच असं कबूल करू नका. पडवी कपडे वाळवायला ठेवा. पावसाळ्यात महिनाभर राहणाऱ्याला वॉशिंग मशीन आणि कोरडी दोरी एसीपेक्षा मोलाची.

अमेरिकेच्या वेळेवर काम करणारे रात्री दोन-तीनला झोपतात. पहाटे कोंबडा आणि पंप ज्या बाजूला, ती खोली त्यांना नको. खिडक्यांना बारीक जाळी हवी, रात्री दिव्यावर पाखरं येतात. न्याहारीची वेळ साडेअकरापर्यंत ताणा, रात्री थर्मासात चहा. रोज मासे-भात नको होतो, दोन शेगड्या आणि मिक्सर वापरायला द्या.

दप्तरदार
कागदाचं थोडक्यात. तुम्ही त्याच घरात राहून खोल्या देत असाल तर पर्यटन संचालनालयाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करा. पूर्ण घर काही महिन्यांसाठी एकालाच दिलंत तर लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, गावातही तोच नियम.

एसी लावलात तर त्या खोलीला सबमीटर बसवा. दीड टनाचा एसी तासाला युनिटभर सहज खातो. आल्या दिवशी आणि जाताना मीटरचा फोटो दोघांच्या फोनवर.

सुपारीबाग
तारमास्तर, आज साडेसातला मीटर लावला: १६८ व्होल्ट. लगेच मोड बदलला. नवरात्रापर्यंत अर्थिंग, बॅटऱ्या आणि गडग्याकडून केबल एवढंच करते. माजघर, मी ताई. फणसाच्या फळ्या माळ्यावर पडून आहेत, सुताराला उद्याच बोलावते.

तारमास्तर
ताई, पाइप पुरायच्या आधी अर्थिंगची वायर आठ एसडब्ल्यूजीची (तारेच्या जाडीचा नंबर) जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली लोखंडी, घ्या, आणि जोडाला ग्रीस लावून वर टोपण. खाऱ्या हवेत पहिला तोच जोड जातो.