मदत हवी आहे: रुग्णालयाच्या गेटवरच्या मामांना मारहाण, पोलिसांत नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद). पुढे काय करावं?

मिरजकरीण:

नमस्कार मंडळी,

मिरजेत एका खाजगी रुग्णालयात मी प्रशासनाचं काम बघते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण नोकरी टिकवायची आहे. वकील, पोलीस खात्यातले, सिक्युरिटी एजन्सीवाले, एसटीवाले, ज्यांचा रोज लोकांशी संबंध येतो त्या सगळ्यांनीच वाचून सांगा.

मिरज माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. इथं गल्लोगल्ली दवाखाने. जत, कवठेमहांकाळ, सांगोला, आणि पलीकडून अथणी, चिकोडी, विजापूरपर्यंतचे पेशंट येतात. एका पेशंटमागे जीप भरून माणसं. आयसीयूत भेटायला सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, एका वेळी एकानंच, तेही पास दाखवून. हा नियम बोर्डावर आहे. तो पाळायला लावणं हे गेटवरच्या मामांचं काम.

मामा म्हणजे सिक्युरिटी एजन्सीचे गार्ड, साठीला टेकलेले, तासगावकडचे. कधी कुणाला अरे-तुरे करणार नाहीत. रात्रपाळीला गेटवर एकटेच असतात. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराच्या सुमाराला पाच-सहा पोरं आली. पेशंट त्यांच्यातल्याच एकाचा चुलता, दुपारी दाखल झालेला. मामांनी पास मागितला. "कुणाला अडवतोयस म्हाईत हाय का? साहेबांना फोन लावू?" मामा म्हणाले, "लावा की, पण पास दाखवा." एवढंच. रजिस्टर पार्किंगमध्ये भिरकावलं, टोपी उडवली, आणि गळ्यातल्या शिट्टीची दोरी धरून मामांना दोन पायऱ्या खाली खेचलं. दोरी नायलॉनची, तुटली नाही. मग पोरं वर गेली, आयसीयूच्या दाराची काच फोडली. आतल्या सिस्टरनं कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. तेवढा वेळ तिला दुसऱ्या बेडकडे जाता आलं नाही.

११२ ला फोन केला, पोलीस आले, तोवर पोरं गेली होती. ठाण्यात एनसी लिहून घेतली. मॅनेजमेंटचं म्हणणं, पेशंट अजून आपल्याकडेच आहे, बिल व्हायचंय, माफीनामा घ्या आणि मिटवा. एजन्सीचं म्हणणं, मामांना कुपवाडच्या एका गोदामावर टाकतो, तिथं शांतता आहे. आणि ज्या इमारतीत चार मजले डॉक्टर आहेत तिथं त्यांच्या मानेकडे कुणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळून ड्युटीवर आले म्हणून माझ्या लक्षात आलं. दोरीचा वळ कानापर्यंत गेला होता.

अजून एक सांगते, कारण ते मला जास्त टोचतंय. त्याच संध्याकाळी वेळ संपल्यावर एका मोठ्या डॉक्टरांच्या ओळखीचे चार जण बिनपास वर गेले होते. वरून फोन आला, "सोडा त्यांना." ही पोरं तेव्हा खाली बाकड्यावर बसून हे बघत होती. "त्यांना सोडलंस, आम्हाला का नाही?" हे ती मामांना दोनदा विचारत होती. मामांकडे त्याचं काय उत्तर असणार?

तर एनसीच्या पुढे काही करता येतं का, मामांच्या उपचाराचा आणि बुडालेल्या पगाराचा खर्च कुणी करायचा, आणि उद्या हेच परत होऊ नये म्हणून गेटवर नेमकं काय बदलायचं? बाउन्सर ठेवा हा सल्ला सोडून काहीही सांगा, तो मॅनेजमेंटनं आधीच दिलाय.

वकीलवाडा:

एनसी झाली म्हणजे पोलिसांनी टाळलं असं लगेच धरू नका. साधी दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), मुळातच अदखलपात्र आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. शिवीगाळीच्या ३५२ चीही तीच गत. मामांनी ठाण्यात "मला मारलं, शिव्या दिल्या" एवढंच सांगितलं असणार, आणि तेवढ्यावर एनसीच होते.

तुमची खरी केस मात्र काच आणि सिस्टरमध्ये आहे. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती आणि संस्थांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो खाजगी रुग्णालयांनाही लागू आहे. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात, आणि अजामीनपात्र. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, शिवाय मोडतोड झालेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. कामात अडथळा आणणं हीदेखील त्यात हिंसाच. त्यातल्या यादीत डॉक्टर, नर्स, वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी, पॅरामेडिकल कर्मचारी आहेत. सुरक्षा रक्षकाचं नाव नाही. सगळ्यात आधी फटका खाणारा माणूसच यादीबाहेर, हे मलाही पटत नाही, पण आहे हे असं आहे.

तरीही मामा वाऱ्यावर नाहीत. एकाच घटनेत एक जरी गुन्हा दखलपात्र असला, तर सगळं प्रकरण दखलपात्र म्हणूनच तपासलं जातं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्येच ते लिहिलंय. म्हणून रुग्णालयानं स्वतःच्या लेटरहेडवर फिर्याद द्यावी, सिस्टरचा जबाब द्यावा, त्यातच मामांची मारहाण येऊ द्यावी. ठाण्यात घेतली नाही तर १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टानं. पण मॅनेजमेंटला बिलाची काळजी असेल तर अडचण पोलीस ठाण्यात नाही, तुमच्याच मॅनेजमेंटच्या ऑफिसात आहे.

आज करायच्या दोन गोष्टी. मामांना सिव्हिलला नेऊन एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठी इजेची वैद्यकीय नोंद, करून घ्या, वळ जायच्या आत. आणि सीसीटीव्हीचं फुटेज काढून ठेवा, डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, जुनं पुसून त्यावर नवं लिहीत असतो. मोबाईलवर स्क्रीनचं शूटिंग करून चालणार नाही. मूळ फाईल आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, द्यावी लागते. कॅमेरे बसवणाऱ्याला बोलवा.

अर्धं_तिकीट:

मी साताऱ्याकडे एसटीत वाहक आहे. सुट्ट्या पैशांवरून आणि पंचाहत्तरीच्या पुराव्यावरून रोज कुणीतरी अंगावर येतं. मोफत प्रवास पंच्याहत्तर पूर्ण असलेल्यांना आहे, हे आधार कार्ड बघून ठरवायचं. आजोबा सत्तरचे, कार्ड घरी, आणि मागच्या सीटवरून चार जण ओरडणार "म्हाताऱ्याला काय त्रास देता ओ!" पण आमच्यावर हात टाकला तर ती शासकीय कामात अडथळ्याची केस होते, कारण रस्ता परिवहन महामंडळ कायद्यानं आम्ही लोकसेवक धरले जातो. न्याय संहितेचं कलम १३२ हे शब्द उच्चारले तरी निम्मे गार होतात. मामांच्या अंगावरही गणवेशच आहे, पण त्यांच्या मागं तेवढं बळ नाही. म्हणून मॅनेजमेंटनं त्यांच्या मागं उभं राहायला पाहिजे, नाहीतर मग कोण राहणार?

जतचा_पाव्हणा:

मारहाणीचं समर्थन नाही, आधीच सांगतो. पण बाकड्यावर बसणाऱ्यांची बाजूही ऐका. माझी आई मिरजेत ॲडमिट होती. दिवसभरात कुणी येऊन सांगत नव्हतं की ती कशी आहे. काउंटरवर विचारलं की "डॉक्टर सांगतील", डॉक्टर म्हणजे लिफ्टमधून जाणारी पाठ. औषधाच्या चिठ्ठ्या मात्र दर दोन तासाला खाली येणार. धोतर-टोपीवाल्याला "ए, तिकडं बस", आणि पांढऱ्या गाडीतून उतरला त्याला सलाम, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बातमी मिळाली नाही की माणूस दाराकडेच जातो, आणि दारात तुमचे मामा असतात.

मिरजकरीण:

पाव्हणं, पटलं. त्या पोरांच्या चुलत्याला दुपारी दोनला घेतलं, आणि रात्री साडेअकरापर्यंत त्यांच्याशी कुणी बोलल्याची केस पेपरवर नोंद नाही, हे मी नंतर तपासलं. मामांना दोन पायऱ्या ओढायचं कारण ते होऊ शकत नाही, पण त्यांच्यापुढं वाढून काय ठेवलं होतं ते कळलं.

वकीलसाहेब, एमएलसी झाली. फुटेजला माणूस उद्या येतोय.

सुभेदार_सातारकर:

फौजेतून निवृत्त होऊन आता साताऱ्यात गार्ड पुरवणाऱ्या एका एजन्सीत सुपरवायझर आहे. थोडं सविस्तर लिहितो.

उपचार आणि पगाराचं आधी. मामांचा पगार एकवीस हजारांच्या आत असणार, म्हणजे ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) नाव असायलाच हवं. पावती मागा, पगारातून कापतात आणि भरत नाहीत अशीही मंडळी असतात. कामावर असताना, कामामुळे झालेली इजा ही अपघातातच धरतात, मशीनमध्ये हात सापडायलाच पाहिजे असं नाही. डॉक्टरनं विश्रांती लिहून दिली तर पगाराच्या नव्वद टक्के मिळतात. अपघात अहवाल मालकानं, म्हणजे एजन्सीनं भरायचा. ती "दुसऱ्या साइटवर टाकतो" म्हणतेय ना, आधी तो अहवाल भरायला लावा, मग बदलीचं बोलू.

आता गेट. रात्री एकटा गार्ड ठेवणं हीच पहिली चूक. दोघं ठेवा, एक बोलणारा आणि एक बाजूला उभा राहून बघणारा, हातात फोन घेऊन. शिट्टीची दोरी गळ्यात घालायची नाही, खांद्याच्या पट्टीत अडकवायची, ओढली की निघून आली पाहिजे. ओळखपत्राचंही तेच. दाराच्या मधोमध उभं राहायचं नाही, एक पाऊल बाजूला, म्हणजे समोरच्याला आपण अडवून धरलंय असं वाटत नाही आणि आपल्याला मागं सरकायला जागा राहते. गर्दी वर घुसली तर घुसू द्यायची, पण वर फोन करून दार आतून लावून घ्यायला सांगायचं. अंगाला हात लावायचा नाही. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत झाला तर साध्या नागरिकालाही माणूस पकडून सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात देता येतो, कायदा तसा आहे, पण साठीच्या माणसानं सहा जणांसमोर त्या भानगडीत पडू नये. २००५ च्या सिक्युरिटी एजन्सी कायद्यात गार्डला प्रशिक्षण देणं बंधनकारक आहे. मामांना ते कधी दिलं, एजन्सीला लेखी विचारा. उत्तर काय येईल ते मला माहीत आहे.

आणि मुख्य दुखणं तुम्ही स्वतःच लिहिलंय. नियम एकानं करायचा, दुसऱ्यानं फोनवरून मोडायचा आणि तिसऱ्यानं मार खायचा. आमच्याकडे एका मोठ्या दवाखान्यात हेच चाललं होतं. मी गार्डना सांगितलं, वरून फोन आला तर अजिबात वाद घालू नका, सोडा. फक्त रजिस्टरमध्ये लिहा: अमक्यांच्या सांगण्यावरून, एवढे जण, अमुक वेळ. आणि सकाळी त्या डॉक्टरांकडे सहीला पाठवा. थोड्याच दिवसांत फोन कमी झाले. सहीला कुणी तयार नसतं.

कारवी:

कासला फुलांच्या हंगामात गेटवर असते, आमच्या गावांच्या समितीकडून. तिथं रीलसाठी फुलांत लोळणाऱ्यांना उठवलं की "पठार काय तुझ्या बापाचं आहे का" हे ठरलेलं. युनेस्कोच्या यादीत आहे वगैरे सांगून काही होत नाही. माझा अनुभव, एकट्यानं सांगितलं तर भांडण होतं, दोघी गेलो की होत नाही. सुभेदारकाका म्हणतात ते दोन माणसांचं अगदी खरं. आणि नियम सांगताना "चालत नाही" म्हणण्याऐवजी "अर्ध्या तासानं या, मी स्वतः सोडते" असं पुढचं काहीतरी सांगितलं की माणूस थांबतो. मामांच्या हातात तसं सांगण्यासारखं काय होतं?

मिरजकरीण:

कारवी, काहीच नव्हतं. "सकाळी दहाला या", एवढंच.

आजची हालचाल सांगते. सिस्टर जबाब द्यायला तयार आहे, घरच्यांचा विरोध असून. तिचा जबाब असेल तर रुग्णालयाच्या नावानं फिर्याद द्यायला मोठे डॉक्टर तयार झाले. दुप्पट भरपाईचं ऐकून झाले की सिस्टरमुळे, ते विचारलं नाही. रात्री नऊला ड्युटी डॉक्टरनं खाली येऊन प्रत्येक आयसीयू पेशंटच्या एका नातेवाइकाशी बोलायचं, कन्नड येणारी एक आया सोबत, हे उद्यापासून करून बघतोय. ड्युटी डॉक्टर कुरकुरतायत. दुसऱ्या गार्डच्या पगारावर गाडी अडलीय. एजन्सीला अपघात अहवालाचं पत्र दिलं, पोच घेतली.

मामांना गोदामावर जायचं नाही. "तितं बोलायला बी कोण न्हाई," म्हणाले. आता बदली एजन्सीच्या हातात असते, की रुग्णालयानं लेखी दिलं तर थांबते? आणि सुभेदारसाहेब, त्या रजिस्टरचा नमुना मिळेल का?

सुभेदार_सातारकर:

साइट एजन्सी ठरवते, पण ग्राहकानं "हाच माणूस पाहिजे" असं लेटरहेडवर दिलं तर एजन्सी सहसा नाही म्हणत नाही, कंत्राट तुमचं आहे. माराची शिक्षा म्हणून बदली होतेय असं दिसू देऊ नका, त्या पत्रात मामांच्या कामाबद्दल दोन चांगली वाक्यं घाला, पुढं कोर्टातही उपयोगी पडतील.

रजिस्टरचे रकाने: वेळ, पेशंट आणि बेड, येणाऱ्याचं नाव व नातं, पास नंबर, पास नसल्यास कुणाच्या परवानगीनं, परवानगी देणाऱ्याची सही, बाहेर पडल्याची वेळ. सहीचा रकाना मोठा ठेवा. फोटो संध्याकाळी टाकतो.